मूल एक, कारभारी अनेक

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाकडे जाणारा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा असेल. पण एवढ्या अंतरात महाराष्ट्राची तीन निरनिराळी रूपे पाहायला मिळतात. शहर मागे पडले की दुर्गापूर लागते. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेले ऊर्जानगर दिसते. पुढे कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि ते संपतात न संपतात तोच जंगल सुरू होते. १९८३-८४ पासून येथे वीज तयार होते आहे. आजची क्षमता २९२० मेगावॅटची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस येथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी टाकण्यात आली. ऊर्जानगरात कोळसा जळतो आणि सव्वासातशेहून अधिक किलोमीटरवर दिवा लागतो, याचे आता कोणाला नवलही वाटत नाही.

याच परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगोलग दुर्गापूर येथे बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला ठार केले. त्यानंतर आईबापांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल तो साधा होता : पोरांनी शाळेत जायचे कसे? प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर एका खात्याजवळ नव्हते. शाळेची वेळ शिक्षण विभागाची, रस्त्याकडेची झुडपे वीज केंद्राच्या किंवा खाणीच्या हद्दीतली, रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा आणि वाघ वनखात्याचा. पोर मात्र एकच, आणि ते या सगळ्यांच्या हद्दीतून रोज चालत जाणार. चौघे एकमेकांशी बोलले तरच त्याची वाट सुरक्षित होणार.

वाघाच्या बाबतीत हे चटकन लक्षात येते, कारण तेथे जिवाचा प्रश्न असतो. शिक्षणाच्या बाबतीत ते लक्षात यायला वर्षे लागतात. तोवर मूल शाळेतून गळून गेलेले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनपट्ट्यात शिक्षणासाठी झटणाऱ्या खात्यांची, कंपन्यांची आणि संस्थांची मुळीच वाण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यातील दुव्यांचा. हे दुवे आहेत की नाहीत, असले तर किती पक्के आहेत, हे मोजता येते काय? येते. त्यासाठी समाजशास्त्रात एक पद्धत आहे. तिचा उपयोग आपल्याकडे का व्हावा आणि तो करताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

कारभाऱ्यांची यादी

आधी यादीच पाहू. सहा वर्षांखालील मूल अंगणवाडीत असते. १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत. ते पहिलीत गेले की जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे येते. पुढे आश्रमशाळेत गेले तर आदिवासी विकास विभागाकडे. या विभागाची प्रकल्प कार्यालये चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी पाच ठिकाणी आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तिच्याखाली तालुक्याचे गटसाधन केंद्र आणि गावांच्या गटासाठी केंद्रप्रमुख. दिल्लीहून येणारा पैसा २०१८ पासून समग्र शिक्षा या एका नावाखाली येतो; त्यापूर्वी तो प्राथमिक, माध्यमिक आणि शिक्षक-प्रशिक्षण अशा तीन निरनिराळ्या योजनांतून येत असे.

याशिवाय उद्योग आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. वीज, कोळसा, सिमेंट आणि आता लोहखनिज असलेल्या या भागात त्या रकमेतला काही वाटा शाळांकडे वळतो : संगणक, बाके, पाण्याची टाकी, दप्तरे. २०१५ च्या खाणकायद्यातील दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आला. त्यातही शिक्षणाला अग्रक्रम आहे. ताडोबाभोवतालच्या गावांत वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून कामे होतात. गडचिरोलीत पोलीस दल 'दादालोरा खिडकी' चालवते, गावांत वाचनालये उघडते.

आणि स्वयंसेवी कामाची तर येथे मोठी परंपराच आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या देखरेखीखाली १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा सुरू झाली आणि पुढे २०१५ मध्ये नेलगुंड्याला आणखी एक शाळा निघाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च', कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी', मेंढा (लेखा) गावाला साथ देणारी मोहन हिराबाई हिरालाल यांची 'वृक्षमित्र', ही नावे महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांचे काम शाळेपुरते नाही, पण शाळेच्या अंगणापर्यंत येते.

एवढे हात एका मुलासाठी पुढे आलेले असताना काही कमी पडू नये. पण प्रत्यक्षात पुष्कळदा 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते. एकाच शाळेला दोन ठिकाणांहून संगणक मिळतात आणि शेजारच्या वस्तीतल्या शाळेला वीजजोडणीही मिळत नाही. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. प्रत्येकाजवळ आपल्या लाभार्थ्यांची यादी असते, दुसऱ्याची नसते, एवढेच.

सरकारच्याही हे ध्यानात आलेले आहे. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि गडचिरोली त्यांपैकी एक. या कार्यक्रमाची तीन सूत्रे सांगितली गेली : योजनांचे एकत्रीकरण, यंत्रणांचे परस्परसहकार्य आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील स्पर्धा. प्रगती मोजण्यासाठी ४९ निर्देशक ठरले आणि शंभरापैकी तीस टक्के भार शिक्षणाला दिला गेला. शाळेत वीज आहे का, मुलींना स्वच्छतागृह आहे का, पाचवीतले मूल सहावीत जाते का, हे सारे मोजले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या सहकार्याचा सूत्र म्हणून गजर झाला, ते सहकार्य मोजणारा एकही निर्देशक त्या ४९ मध्ये नाही. सहकार्य गृहीत धरले गेले, आणि जे गृहीत धरले जाते ते सहसा होत नाही.

हडसनच्या चौदा मुली

ज्या पद्धतीविषयी आपण बोलतो आहोत तिचा उगमही एका शाळेतच आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ च्या शरद ऋतूत तेथून दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. व्यवस्थापनाला कारण सापडेना. या मुली इतरांपेक्षा अधिक खोडकर होत्या असेही नव्हते. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने निराळीच वाट धरली. मुलींना त्यांच्या स्वभावाविषयी न विचारता त्याने विचारले, तुला कोणाबरोबर राहायला आवडेल? उत्तरे आली तशी त्याने कागदावर प्रत्येक मुलीसाठी एक टिंब काढले आणि जिने जिचे नाव घेतले तिच्याकडे रेषा ओढली. चित्र पुरे झाल्यावर दिसले ते असे की, पळालेल्या मुली एकमेकींशी रेषांनी जोडलेल्या होत्या. पळण्याची कल्पना त्या रेषांवरून एकीकडून दुसरीकडे गेली होती. मुलींनाही कदाचित ते ठाऊक नसेल.

मोरेनोने १९३४ मध्ये हे काम ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९५४ साली जे. ए. बार्न्स या मानववंशशास्त्रज्ञाने नॉर्वेतील एका बेटावरच्या समाजाचा अभ्यास करताना 'सोशल नेटवर्क', म्हणजे माणसामाणसांतल्या संबंधांचे जाळे, हा शब्द शास्त्रीय अर्थाने वापरला. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, एम. एन. श्रीनिवास आणि आंद्रे बेतेय यांनी भारतीय समाजरचनेतील अशा जाळ्यांवर लिहिले. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेला बाप दुसरे काय करतो? घरातल्या माणसांना जी स्थळे ठाऊक असतात ती त्यालाही ठाऊक असतात. नवे स्थळ कळते ते दूरच्या ओळखीतून, मावसभावाच्या कार्यालयातल्या कोणाकडून तरी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ मध्ये नेमके हेच दाखवले. नोकऱ्या मिळवलेल्यांना त्याने विचारले, तेव्हा पुष्कळांना नोकरीची बातमी जवळच्या मित्राकडून न कळता जुजबी ओळखीच्या माणसाकडून कळली होती. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात फिरतात. सैल दुवा दुसऱ्या वर्तुळाचे दार उघडतो.

रेषा कशा मोजायच्या?

माणसांच्या जागी संस्था ठेवल्या की हीच पद्धत शिक्षणाच्या कार्यक्रमांना लागू होते. समजा, ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात शिक्षणाशी संबंध असलेल्या बारा यंत्रणा आहेत : अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, वसाहतीतली शाळा, आश्रमशाळा, केंद्रप्रमुख, वीज केंद्राचा सामाजिक विभाग, कोळसा कंपनीचा तसाच विभाग, वनखाते, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, एखादी स्वयंसेवी संस्था आणि महिला बचत गटांचा संघ. बारा यंत्रणांच्या जोड्या होतात सहासष्ट. प्रत्येकीला इतर अकरांविषयी एकच गोष्ट विचारायची : गेल्या वर्षभरात तुमचा यांच्याशी संबंध कोणत्या पायरीवर होता?

या पायऱ्या ठरवून देणे महत्त्वाचे असते, नाहीतर 'आमचे उत्तम सहकार्य आहे' असे गोलमोल उत्तर येते. २००६ मध्ये अमेरिकेत शालेय प्रकल्पांचे मूल्यमापन करणाऱ्या काही अभ्यासकांनी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरली. तिचा आशय आपल्या शब्दांत असा सांगता येईल : पहिल्या पायरीवर नुसती ओळख असते. दुसरीवर एकमेकांना माहिती दिली जाते. तिसरीवर कामांची आखणी एकमेकांशी जुळवून होते. चौथीवर साधने वाटून घेऊन निर्णय एकत्र होतात. पाचवीवर एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवून काम जणू एकाच घरचे होते. संबंधच नसेल तर शून्य.

उत्तरे आली की तक्ता मांडायचा आणि चित्र काढायचे. सहासष्टांपैकी बावीस जोड्यांमध्येच संबंध निघाले तर जाळे एक-तृतीयांश भरले आहे असे म्हणता येईल. कोणत्या टिंबाशी सर्वांत अधिक रेषा येतात ते दिसेल. कोणते टिंब दोन गटांमधला एकुलता एक पूल आहे ते दिसेल. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे, रेषा दोन्हीकडून ओढली गेली आहे की एकाच बाजूने, हे दिसेल. कंपनीच्या वार्षिक अहवालात 'शाळेशी भागीदारी' असते आणि मुख्याध्यापकांच्या लेखी ते लोक फलक लावण्यापुरते येऊन गेलेले असतात. एकाने पाच लिहिले आणि दुसऱ्याने एक, तर त्या भागीदारीची किंमत त्या दोन आकड्यांच्या अंतरातच कळते.

वीज केंद्राच्या अभियंत्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या नियंत्रण कक्षात संचापासून उपकेंद्रापर्यंतच्या जोडण्यांचे चित्र कायम नजरेसमोर असते. कोणती वाहिनी चालू आहे, कोणती दुरुस्तीसाठी बंद आहे, एखादी तुटली तर भार कोठून वळवायचा, हे त्या चित्रावरून कळते. केवळ संचांची यादी हातात देऊन त्याला वीजपुरवठा सांभाळायला सांगितले तर तो हात जोडेल. शिक्षणाधिकाऱ्याच्या हाती मात्र आपण वर्षानुवर्षे शाळांची आणि योजनांची यादीच देत आलो आहोत.

रेषा वाढल्या म्हणजे काम वाढले?

येथे एक मोह आवरला पाहिजे. चित्र हाती आले की रेषा वाढवण्याचा हुकूम सुटतो. समन्वय समिती, तिची उपसमिती, पाक्षिक बैठक, मासिक अहवाल आणि भ्रमणध्वनीवरचा आणखी एक गट. के. जी. प्रोव्हन आणि एच. ब्रिंटन मिलवर्ड या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील चार शहरांतील मनोरुग्णसेवेच्या जाळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. सेवा कितपत उपयोगी पडली हे त्यांनी रुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या बाजूनेही तपासले. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. संस्थांमध्ये रेषांची दाटी अधिक म्हणून परिणाम अधिक, असा सरळ संबंध दिसला नाही. जेथे एका मध्यवर्ती संस्थेने सांधे जुळवण्याची जबाबदारी उचलली होती, तेथे रुग्णांचे अधिक भले झाले होते.

आपल्या शिक्षकांना हे पटायला वेळ लागणार नाही. दोनशिक्षकी शाळेतला एक गुरुजी बैठकीला गेला की चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. प्रत्येक नवी रेषा कोणाच्या तरी वेळातून ओढली जाते आणि आपल्याकडे ती बहुधा शिक्षकाच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या वेळातून ओढली जाते. म्हणून जाळ्याचे मूल्यमापन करताना दुवे किती आहेत याबरोबरच त्यांचा भार कोण वाहतो, हेही पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, योग्य माणूस कोण हे वरून नेहमी दिसत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील खेड्यांमध्ये अल्पपतपुरवठ्याची बातमी कशी पसरते याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. बातमी प्रथम ज्यांना सांगितली ते गावच्या संबंधांच्या जाळ्यात मोक्याच्या ठिकाणी असतील, तर अधिक कुटुंबे कर्ज घेण्यास पुढे आली. पुढच्या कामात असेही दिसले की, बातमी कोणामार्फत पसरेल हे गावकऱ्यांना विचारले तर ते अचूक नाव सांगतात. आपण शाळेचा निरोप सरपंचाला देतो, पोलीस पाटलाला देतो. तो कदाचित बचत गटाच्या अध्यक्षबाईंना किंवा आशा कार्यकर्तीला द्यायला हवा असेल. गावाला विचारले तर गाव सांगेल.

तीन तुटलेले सांधे

या वनपट्ट्यात असे चित्र काढायला घेतले तर तीन जागी नजर आधी गेली पाहिजे.

पहिली जागा अंगणवाडी आणि पहिलीचा वर्ग यांच्यामधली. भामरागड-एटापल्लीकडचे मूल घरी माडिया बोलते, धानोरा-कोरचीकडचे गोंडी किंवा छत्तीसगढी, सिरोंचाकडचे तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींतले बंगाली. अंगणवाडी सेविका बहुधा त्याच गावची असते. तिला मुलाची भाषा येते, त्याचे घर ठाऊक असते, कोणते पोर कोणत्या गोष्टीला बुजते हे ठाऊक असते. गुरुजी पुष्कळदा दूरच्या जिल्ह्यातून आलेले. या दोघांमधली रेषा ही सबंध जाळ्यातली सर्वांत मोलाची रेषा होय. परंतु ती दोन खात्यांच्या सीमेवर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तरी हजेरीपट दोन आहेत, साहेब दोन आहेत आणि सेविकेने गुरुजींशी तासभर बोलावे यासाठी कोणाच्याही वेळापत्रकात जागा नाही.

दुसरी जागा गावची शाळा आणि आश्रमशाळा यांच्यामधली. गावातले वर्ग संपले की मूल घरापासून दूर, निवासी शाळेत जाते. दाखला हाती पडतो, पण दाखल्यावर असते ते नाव, जात आणि जन्मतारीख. हे मूल वाचनात कच्चे पण हिशेबात तरबेज आहे, त्याला रात्री भीती वाटते, त्याची थोरली बहीण अर्ध्यातून घरी परतली होती, हे दाखल्यावर नसते. ते जुन्या गुरुजींच्या डोक्यात असते आणि तेथेच राहते. दिवाळीला घरी आलेले मूल परत गेलेच नाही, तर त्याची चौकशी करण्याचे काम नेमके कोणाचे?

तिसरी जागा राज्याच्या सीमेवरची. धानाची कापणी आटोपली की पूर्व चंद्रपूर आणि गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. पोरे बरोबर जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण येथल्या मुख्याध्यापकाची आणि तिथल्या मुख्याध्यापकाची ओळख असेल, तर ती योगायोगाने. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातील मिरचीच्या शेतातून छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील आपल्या गावाकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घरापासून थोड्या अंतरावर मरण पावली. बिजापूर हा गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेला जिल्हा. बारा वर्षांचे मूल खरे तर शाळेच्या पटावर असायचे. ते मिरचीच्या शेतात असताना दोन्ही राज्यांतल्या शाळा, अंगणवाड्या, बालहक्कांची कार्यालये सारे जागच्या जागी होते. जाळ्याच्या चित्रात अशा मुलांची वाट एका कोऱ्या पट्ट्यातून जाते.

एक चौथे उदाहरणही येथलेच. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये मान्यता नसल्याच्या कारणावरून ती बंद करण्याची नोटीस आली आणि वाद न्यायालयात गेला. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. पण मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणारे धोरण एकीकडे आणि मातृभाषेची शाळा चालवणारे गाव दुसरीकडे, या दोघांमध्ये ओढली गेलेली ठळक रेषा नोटिशीची असावी, हे चित्र कोणालाच भूषणावह नाही.

विचारताना जपून

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, यादी जो करतो तोच चित्राची चौकट ठरवतो. सरकारी कार्यालयात यादी झाली तर तीत ग्रामसभा राहून जाईल. वास्तविक १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी या भागातल्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिलेले आहेत. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्यांना वगळून काढलेले चित्र म्हणजे साहेबांनी साहेबांचे काढलेले छायाचित्र.

दुसरी मर्यादा गडचिरोलीच्या इतिहासाची आहे. तू कोणाला भेटतोस, तुझ्याकडे कोण येते, हे प्रश्न इतरत्र निरुपद्रवी असतील. ज्या मुलखात अनेक दशके गावकरी दोन बंदुकांच्या मध्ये राहिले आणि खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली, तेथे हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून येथे व्यक्तींचे जाळे काढू नये, संस्थांचे काढावे. प्रश्न शाळेच्या कामापुरते ठेवावेत. कागद गावासमोर भरावा आणि चित्राची पहिली प्रत गावाला द्यावी.

तिसरी मर्यादा मोरेनोनेच सांगून ठेवली आहे. विचारलेल्या प्रश्नाचा उत्तर देणाऱ्याच्या आयुष्याशी संबंध असला पाहिजे आणि उत्तराप्रमाणे काहीतरी घडले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. नाहीतर लोक पुढल्या खेपेस खरे सांगत नाहीत. आपल्या खेड्यांनी सर्वेक्षणे पुष्कळ पाहिली आहेत. आणखी एक तक्ता भरून नेणारा पाहुणा त्यांना नको आहे.

आणि शेवटी, जाळे उत्तम असले म्हणजे मूल वाचायला शिकले असे होत नाही. दुव्यांचे चित्र आणि मुलांच्या प्रगतीची नोंद ही दोन्ही शेजारी ठेवूनच पाहावी लागतील.

एका दुपारचे काम

यासाठी मोठा प्रकल्प, परदेशी सल्लागार की महागडी संगणकप्रणाली लागते असे नाही. केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. एखाद्या परिषदेला अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे अधीक्षक, व्यवस्थापन समितीतल्या दोन आया, वनरक्षक आणि कंपनीचा माणूस यांनाही बोलवावे. भिंतीवर मोठा कागद लावावा. प्रश्न तीनच पुरेत : तुमच्याकडे आलेल्या नव्या मुलाविषयी आधी कोणी सांगितले होते? मूल पंधरा दिवस दिसले नाही तर तुम्ही प्रथम कोणाला कळवता? त्याने गेल्या खेपेस काय केले? उत्तरे येतील तशा रेषा ओढाव्यात. चहा होईपर्यंत चित्र उभे राहील आणि सगळ्यांना एकदमच दिसेल की कोणत्या दोन टिंबांमध्ये रेषा असायला हवी होती आणि नाही. मग त्यांतल्या दोन किंवा तीनच रेषा वर्षभरात पक्क्या करायच्या, त्यांची जबाबदारी एका यंत्रणेवर टाकायची आणि पुढल्या वर्षी तोच कागद पुन्हा भरायचा.

अशी जाळी आपल्याकडे उभी राहू शकतात, याचा दाखला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले आणि परत येऊन आपापल्या वर्गाच्या जमिनीवर तशीच चित्रे रंगवू लागले. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकण्याचा तो दुवा होता. मात्र असे दुवे पुष्कळदा एका माणसाच्या उत्साहावर उभे असतात. त्याची बदली झाली की पूल जातो आणि मागे दोन काठ उरतात. कोणता पूल एकाच खांबावर उभा आहे हे आधी कळले, तर बदलीचा कागद काढणाऱ्याला दुसरा खांब उभारण्याची सवड मिळेल. केवळ एवढ्यासाठी तरी हे चित्र प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्याच्या खोलीत असावे.

ऊर्जानगरच्या विजेची वाट सुमारे ७५० किलोमीटरची आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक मनोरा कोणाच्या ना कोणाच्या नोंदवहीत आहे. त्याच चिमण्यांच्या सावलीत अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या पोराची वाट बहुधा एका अंगणाची असते. त्या अंगणापलीकडे त्याच्याविषयी दोन शब्द कोणी सांगितले की नाही, याची नोंद अजून कोणत्याही वहीत होत नाही. ती वही उघडायला फार खर्च नाही. येत्या जूनमध्ये नवी मुले दारात येतील. त्याआधी एक दुपार मोकळी काढली तरी पुरे.